कोऱ्या डोळ्यांचा वेताळ

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक छोटेसे भांडण झाले. ते फराळावरून नव्हते, फटाक्यांवरूनही नव्हते. फुरसुंगीच्या बनेश फेणेवरून होते. नात सुटीला आली होती. वय वर्षे दहा. मी मोठ्या उत्साहाने माळ्यावरच्या ट्रंकेतून भा. रा. भागवतांची 'फास्टर फेणे'ची पुस्तके काढली, धूळ झटकली, सुटी झालेली पाने डिंकाने चिकटवली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने मुखपृष्ठावरच्या त्या काडीपैलवान पोराकडे एकवार पाहिले आणि अगदी सहज म्हणाली, "आबा, हा नाही काही फाफे. फाफे मोठा असतो. डॉक्टर होणार असतो. मी पिक्चर पाहिलाय."

"अगं, तो नंतरचा. खरा हा," मी म्हणालो.

"मग हा त्याच्यासारखा का दिसत नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आवाज चढला. चिरंजीव मध्ये पडले. "बाबा, तो सिनेमा आला नसता तर तिला फेणेचं नावसुद्धा कळलं नसतं. तुम्ही खरं तर त्या लोकांचे आभार मानायला हवेत." मी म्हणालो, "नाव कळलं म्हणजे ओळख झाली का?" मग तोही चिडला. शेवटी सौ.नी "चहा निवतोय" एवढेच सांगून दोघांनाही गप्प केले आणि पुस्तके टीपॉयवर तशीच पडून राहिली.

रात्री मात्र झोप येईना. साठी ओलांडली की 'आमच्या वेळी'चा आजार प्रत्येकाला कमीअधिक जडतोच. माझा राग त्यातलाच होता का? बँकेत असताना दिवसअखेर जमाखर्च जुळला नाही, तर फरक कुठे पडला हे सापडल्याशिवाय उठायचे नाही, अशी आम्हाला शिस्त होती. फरक कधी लाखाचा असे, कधी नऊ रुपयांचा. शोधायला लागणारा वेळ सारखाच. कागदावरचे लाडके पात्र पडद्यावर जाते तेव्हा आपले मन खट्टू होते. पण प्रत्येक वेळी होत नाही. कधी होते आणि कधी होत नाही, हा फरक नेमका कुठे पडतो ते या खेपेला शोधायचेच, असे मी ठरवले.

शोध मला थेट आमच्या मिरजेच्या घरापर्यंत मागे घेऊन गेला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. इंग्रजीबरोबर ते मराठीतही निघत. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला 'फँटम' आपल्याकडे आला तो वेताळ होऊन. वेशीबाहेरच्या ज्या वेताळाला आमची आजी दुरूनच हात जोडत असे, तो आता अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख घालून, कमरेला दोन पिस्तुले लावून, पांढऱ्या घोड्यावरून जंगलात फिरू लागला. आजीला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. आम्हाला मात्र त्यात वावगे असे काही वाटले नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकानदार पुस्तके भाड्याने देत असे. दिवसाला पाच पैसे. पुस्तक एक आणि वाचणारे दोन. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो वाचून दाखवणार आणि मी चित्रे पाहणार, अशी वाटणी झाली होती. वेताळाची वाक्ये तो खालच्या पट्टीत, घसा दाबून म्हणायचा. चाच्यांना तो नाकातला आवाज देई. पान उलटायचा हक्क माझा. कधी कधी मी मुद्दाम उलटत नसे, कारण पुढच्या पानावर काय असेल याची धाकधूक पुढच्या पानापेक्षाही चांगली असे.

या वेताळाला डोळे नव्हते. म्हणजे मुखवट्यात डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन पांढऱ्या फटी. बुबुळांचा पत्ता नाही. त्याचा उघडा चेहरा जो पाहील त्याला भयानक मरण येते, अशी त्या जंगलातली आख्यायिका. चित्रकारही ती इमानाने पाळत. मुखवटा उतरला की वेताळ पाठमोरा तरी असे, नाहीतर त्याच्या तोंडावर सावली तरी पडलेली असे. त्या पांढऱ्या फटींवरून आम्हा भावांचे वाद व्हायचे. दादा म्हणायचा, त्याची नजर फार भेदक असल्यामुळे ती कागदावर छापता येत नाही. माझे मत असे, की तो एकाच वेळी सगळीकडे पाहतो. त्या वादाचा निकाल कधीच लागला नाही आणि लागू नये अशीच आमची इच्छा असावी.

पुढे १९९६ साली हॉलिवूडने 'द फँटम' काढला. बिली झेन हा नट त्यात वेताळ झाला होता. मी तो बऱ्याच उशिरा, घरी टीव्हीवर पाहिला. चित्रपट काही वाईट नव्हता. घोडा होता, जंगल होते, कवटीची अंगठी होती, आणि १९३०च्या दशकातला काळही त्यांनी हौसेने उभा केला होता. पण पहिल्यांदा वेताळ जवळून दिसला आणि माझा विरस झाला. मुखवट्यातून दोन चांगले माणसासारखे डोळे माझ्याकडे पाहत होते! नटाला डोळे असणारच, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण दादाचा आणि माझा तीस वर्षे चाललेला वाद त्या दोन डोळ्यांनी एका क्षणात निकालात काढला, आणि तोही दोघांच्याही विरुद्ध.

तेव्हा मला या विरसाचे कारण कळले नव्हते. ते कळले स्कॉट मक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराच्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकामुळे. ते १९९३ साली निघाले आणि गंमत म्हणजे चित्रकथांविषयीचे ते पुस्तक स्वतःच एक चित्रकथा आहे. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली अशी, की चित्रकथेतला खरा खेळ दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत चालतो. एका चौकटीत उगारलेली मूठ असते, दुसऱ्या चौकटीत जमिनीवर पडलेला चोर असतो. ठोसा कुठल्याच चौकटीत नसतो. तो मारतो कोण? वाचणारा मारतो. किती जोरात मारायचा, चोर कसा कोलमडायचा, हे सगळे त्याचे त्याने ठरवायचे. दुसरी गोष्ट अशी, की चित्रातला चेहरा जितका साधा, तितकी वाचकाला त्यात शिरायला जागा जास्त. हुबेहूब काढलेला चेहरा कुणातरी दुसऱ्याचा असतो. दोन टिंबे आणि एक रेघ काढा, तो आपल्यापैकी कुणाचाही होतो.

आता लक्षात घ्या, चित्रपटातही चौकटीच असतात; सेकंदाला चोवीस. पण त्या इतक्या भराभर जातात की मधली पांढरी पट्टी उरतच नाही. ठोसा दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, चोराच्या ओठातून आलेले रक्तसुद्धा दिसते. प्रेक्षकाने करायचे असे काम त्या ठोशात शिल्लक राहत नाही. चित्रकथेचा अर्धा लेखक वाचक असतो. चित्रपट काढताना मूळ लेखकाचे हक्क रीतसर विकत घेतले जातात. या दुसऱ्या अर्ध्या लेखकाला मात्र कुणी विचारत नाही. माझ्या हिशेबातला फरक इथे पडत होता.

टिनटिनचे उदाहरण घ्या. बेल्जियमच्या एर्जेने १९२९पासून रंगवलेला हा बातमीदार पोरगा. त्याचा चेहरा म्हणजे गोल रेघ, दोन टिंबांचे डोळे, आणि कपाळावर तुरा. भोवतालची विमाने, मोटारी, गल्ल्या मात्र अगदी तपशीलवार. म्हणजे जग खरे आणि नायक जवळजवळ कोरा. त्या कोऱ्या जागेत बसून आपण तिबेटपासून चंद्रापर्यंत फिरून यायचे. स्टीव्हन स्पीलबर्गने २०११ साली टिनटिनवर चित्रपट काढला. त्याने नटांच्या हालचाली टिपून संगणकावर माणसे घडवली. पाठलाग असे रंगवले की वयाचे भान न राहता मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो. पण टिनटिनच्या गालावर खरी कातडी आली, डोळ्यांत ओलावा आला, आणि माझी बसायची जागा गेली. गंमत अशी, की स्पीलबर्गलाही हे कळत असावे. चित्रपटाच्या सुरुवातीला बाजारातला एक चित्रकार टिनटिनचे चित्र काढत असतो. तो चित्रकार दिसायला एर्जेसारखा आहे आणि त्याने काढलेले चित्र पुस्तकातल्या टिनटिनचे, दोन टिंबांच्या डोळ्यांचे आहे. पुढे दोन तास आम्ही काय हरवणार आहोत, त्याची ही जणू आधीच दिलेली पावती!

इथवर आल्यावर मला वाटले, हिशेब जुळला. कागद चांगला, पडदा वाईट, उठा आता. पण हिशेब फार लवकर जुळला की जुने हेडकॅशियर म्हणत, पुन्हा एकदा मोजा. मोजले, तर तीन आकडे माझ्या विरुद्ध निघाले.

पहिला आकडा खुद्द भा. रा. भागवतांचा. ज्यांच्या फेणेसाठी मी घरात भांडलो, ते भागवत स्वतः मोठे रूपांतरकार. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नला त्यांनी मराठी मुलांच्या घराघरात आणून बसवले. मुलांना पेलेल इतकेच घेतले, बाकीचे वगळले, आणि वाक्यांना मराठी वळण असे दिले की कुठेही परका वास येऊ नये. आम्ही ते वाचताना मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले का? छे! तेव्हा मुळाला हात लावला म्हणून रागावण्याचा मला अधिकार नाही. वेताळाचेही तेच. 'फँटम'ला वेताळ म्हणणे हेसुद्धा रूपांतरच, आणि तेही काय झकास! एका नावासरशी आजीच्या भुताखेतांचे सगळे जग आम्हाला त्या परक्या जंगलात नेता आले.

दुसरा आकडा आर. के. लक्ष्मण यांचा. १९५१पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पहिल्या पानावर त्यांचा 'कॉमन मॅन' उभा राहिला. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उडालेले केस. तो कधी बोलला नाही. मंत्री बोलत, अधिकारी बोलत, त्याची बायकोही बोले. हा नुसता पाही. त्याला वाटणारे बोलायचे काम आपले. १९८८ साली लक्ष्मण यांच्याच कल्पनेतून दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' आली. दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे झाले अंजन श्रीवास्तव. त्यांनी या मुक्या माणसाला पडद्यावर आणून बोलायला लावले नाही, हे शहाणपण मला आज कळते. त्याला त्याच्या चौकटीत तसाच राहू दिला आणि त्याच्या कुळातला दुसरा एक माणूस शोधला. कारकुनी करणारा, भिडस्त, रांगेत मागे पडणारा वागळे. आमच्या शाखेत त्या वर्षी निदान तिघांना 'वागळे' हे नाव पडले. त्यातला एक मी होतो.

तिसरा आकडा चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'चा. चार्ली ब्राउन आणि त्याच्या कुत्र्याची, स्नूपीची, ही चित्रमालिका १९५०पासून जवळजवळ पन्नास वर्षे चालली, आणि तिच्यात मोठी माणसे दिसत नाहीत. बाई शिकवतात, आई हाक मारते, पण चित्रात फक्त मुले. १९६५ साली तिच्यावर पहिला टीव्हीपट काढला तेव्हा मुलांना आवाज मुलांचेच दिले, आणि मागून वाजणारे ध्वनिमुद्रित हसू घालायला नकार दिला. कुठे हसायचे ते पाहणाऱ्याने ठरवावे! पुढच्या टीव्हीपटांत शिक्षिकेचे बोलणे ऐकवायची वेळ आली, तेव्हा माणसाच्या आवाजाऐवजी ट्रॉम्बोन या वाद्याची नुसती वाँव-वाँव ऐकवली. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, बाईंचा आवाज असाच ऐकू येतो! कागदावर जी जागा कोरी होती, ती पडद्यावरही त्यांनी कोरीच ठेवली. फक्त तिला एक सूर दिला.

तेव्हा फरक कागद आणि पडद्यातला नाही. तो कोरी जागा राखण्यात किंवा भरून टाकण्यात आहे. मूळ कथानक बदला, काळ बदला, गाव बदला. वाचकाची जागा सुरक्षित असेल तर तो कुरकुर करत नाही. ती गेली, तर मग शब्दन् शब्द पाळला तरी त्याला चुकल्यासारखेच वाटते. अमेरिकेच्या बिल वॉटरसनने तर यासाठी मिळू शकणारे पैसे नाकारले. त्याच्या 'कॅल्विन अँड हॉब्ज'मधला हॉब्ज हा वाघ सगळ्यांना कापडी बाहुला दिसतो आणि एकट्या कॅल्विनला जिवंत. खरे काय, हे वॉटरसनने दहा वर्षांत कधी सांगितले नाही. खेळणी, कपडे, पडदा यांसाठी मागण्या आल्या, तेव्हा त्याने सरळ नकार दिला आणि १९९५च्या अखेरीस मालिकाच थांबवली. हॉब्जची बाहुली दुकानात आली असती, तर तो कापडी आहे हे एकदाचे ठरून गेले असते. एवढी मोठी रक्कम न स्वीकारणारा माणूस बँकेतल्या माणसाला सहसा समजत नाही. मला हा समजला.

याचा थोडा अनुभव मी लेखक म्हणूनही घेतला आहे. माझ्या एका कथेत कारकुनाची बायको आहे. ती कशी दिसते याबद्दल मी एक अक्षरही लिहिलेले नाही. एका हौशी नाट्यसंस्थेने त्या कथेची एकांकिका केली. त्या मुलीने काम उत्तम केले. पण नंतर वाचकांची पत्रे आली, की बाई तशी नव्हती. एकाने कळवले, ती उंच होती. दुसऱ्याने लिहिले, तिच्या नाकात चमकी होती. एका बाईंनी लिहिले, ती माझ्या मावशीसारखी होती आणि मावशी सावळी होती. मी ती पत्रे पुन्हा पुन्हा वाचली. यातले काहीच मी लिहिले नव्हते, आणि तरी प्रत्येकाचे बरोबर होते.

आता आपल्या अंगणात येऊ. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये अवतरला आणि पाहता पाहता घरातला झाला. त्याची खुबी अशी, की त्यात विशेष काही घडत नाही. शाळेचा कंटाळा, आईची बोलणी, पप्पूशी भांडण, मिनीची टिंगल. तीन-चार चौकटी, सकाळचा चहा संपायच्या आत गोष्ट संपते, आणि मग दिवसभर आपल्याच घरातल्या चिंटूकडे पाहताना ती पुढे चालू राहते. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट काढला. मुले गोड होती, आईबाबाही बरोबर निवडले होते. पण दोन तासांच्या चित्रपटाला कथानक लागते, कथानकाला खलनायक लागतो, म्हणून तिथे मैदान वाचवण्याचा लढा आला. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटाच्या तर नावातच खजिना होता. यात कुणाचा अपराध नाही. पडद्याची भूकच मोठी. पण ज्याच्या आयुष्यात काही घडत नाही म्हणून तो आपला वाटत होता, त्याच्या आयुष्यात खजिना सापडला की तो थोडा दूर जातोच.

आणि फेणे. आदित्य सरपोतदार यांचा 'फास्टर फेणे' २०१७ सालचा. त्यात फेणे तरुण आहे. अमेय वाघ झाला आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यात येतो आणि एका मृत्यूचा छडा लावता लावता परीक्षांमधल्या गैरव्यवहारापर्यंत पोचतो. नातीशी भांडल्यावर मी तो पुन्हा पाहिला, या खेपेला राग बाजूला ठेवून. विषय खरा आहे, चित्रपट चांगला बांधलेला आहे. आणि त्यातही एक जुना ऋणनिर्देश आहे. दिलीप प्रभावळकर त्यात साक्षात भा. रा. भागवत झाले आहेत. लेखकच आपल्या नायकाला आसरा देतो. स्पीलबर्गने एर्जेला बाजारात बसवले, आपल्याकडे भागवतांना घरात बसवले. दोघांनीही मूळ लेखकाला मान दिला, हे मनापासून कबूल.

वाचकाचे काय? पुस्तकातला फेणे शाळकरी आहे. मोठी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. हातात सायकल, डोक्यात किडा आणि तोंडात ते 'ट्टॉक्'. जे दहा वर्षांच्या मुलापाशी असते तेवढेच त्याच्यापाशी असते. म्हणून दहा वर्षांचे मूल त्याच्या जागी बसू शकते. तो प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला की त्या मुलाला कॅरिअरवरून उतरून कडेला उभे राहावे लागते. ते टाळ्या वाजवते, खूश होते, पण सायकल चालवत नाही. १९८७ साली दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने शाळकरी फेणे केला होता, तेव्हा गल्लीतली पोरे दुसऱ्या दिवशी सायकली घेऊन हेरगिरीला निघाली होती. तोच सुमीत राघवन २०२१ साली आलेल्या नव्या 'वागळे की दुनिया'त वागळ्यांचा मुलगा झाला, तेव्हा मला उगाचच वाटून गेले, की शेवटी फेणेसुद्धा संसाराला लागला!

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. मुलांना मजा आली ना? आली. पण कोरी जागा भरणे हा सवयीचा भाग आहे, पोहण्यासारखा. लहानपणी शिकले तर जमते. ज्या मुलाला प्रत्येक पात्राचा चेहरा, आवाज, पार्श्वसंगीत तयार मिळते, त्याच्यापुढे पुढे कधीतरी नुसती अक्षरे आली की ते मूल गोंधळते. 'हा दिसतो कसा, ते लिहिलेलंच नाही,' म्हणते. जे समोर दाखवलेले नाही ते मनाने उभे करता येणे ही काही फक्त वाचनाची चैन नव्हे. समोरचा माणूस बोलत नाही, तरी त्याला काय वाटत असेल, हे ओळखायलाही तीच शक्ती लागते. मुक्या 'कॉमन मॅन'ने आपल्याला ती जन्मभर शिकवली.

म्हणून निर्मात्यांना माझे एवढेच सांगणे, की हक्क जरूर घ्या, बदल बेलाशक करा. फक्त एक तरी गोष्ट न दाखवता ठेवा. बाईंचा आवाज ट्रॉम्बोनवर ठेवा. वर्तमानपत्रांना विनंती, की मुलांच्या दोन चौकटींची जागा जाहिरातींना देऊ नका. आणि आपण आजीआजोबांनी, आईबापांनी शक्यतो आधी पुस्तक हाती द्यावे. निदान मोठ्याने वाचून दाखवावे. वाचून दाखवणाऱ्याचा आवाज हाही उसनाच असतो खरा, पण तो घरातला असतो.

हे लिहिताना दादाची आठवण येते. तो जाऊन आता सहा वर्षे होतील. १९९० साली 'इंद्रजाल' बंद पडले तेव्हा त्याने आवर्जून फोन करून सांगितले होते, तेही वेताळाच्याच आवाजात. त्या चित्रपटात मला फक्त डोळेच नको होते असे नाही. बिली झेन बोलायला लागला तेव्हा तो आवाजही परका होता. माझ्या वेताळाचा आवाज मिरजेच्या माजघरातला होता, आणि तो कुठल्याच स्टुडिओला मिळण्यासारखा नव्हता.

भाऊबीज झाल्यावर नातीला सर्दी झाली आणि तिचे बाहेर खेळणे बंद झाले. टीपॉयवरची पुस्तके तिथेच होती. मी काही बोललो नाही. एवढा शहाणपणा एव्हाना आला होता. दुपारी पाहतो तो ती पोटावर पडून वाचत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "आबा, ट्टॉक् म्हणजे कसा आवाज?" माझी जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. दादाने शिकवलेला तो आवाज मी साठ वर्षे सांभाळला आहे. पण मी तो गिळला आणि म्हणालो, "तुला कसा वाटतो?" तिने एक आवाज काढला. तो दादाचा नव्हता, माझा नव्हता, चित्रपटातलाही नव्हता.

संध्याकाळी मी हळूच विचारले, "काय गं, फाफे दिसतो कसा आता?"

ती जरा विचार करून म्हणाली, "मधूनच पिक्चरमधला दिसतो. पण सायकलवर बसला ना, की आमच्या वर्गातला एक मुलगा आहे, त्याच्यासारखा दिसतो."

म्हणजे भरलेली जागाही पुन्हा रिकामी होऊ शकते. तेवढे पुस्तक मात्र हाताशी असायला हवे. चिरंजिवांचे म्हणणे निम्मे बरोबर होते, हे मला मान्य करावे लागले. सिनेमाने तिला नाव सांगितले होते. ओळख ती आता स्वतः करून घेत होती. सुटी संपल्यावर जाताना तिने उरलेली पुस्तके आपल्या पिशवीत भरली. डिंक वाळला होता की नाही, हे काही मी पाहिले नाही.